जॉन्सटाउनचे गेलेले संघ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिट्सबर्गकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना जॉन्सटाउन माहीत असतं ते पुरामुळे. वाटेत थांबून संग्रहालय बघितलं, फोटो काढले, पुढे निघाले. मग कुणाला तरी दुकानात ‘जेट्स’ किंवा ‘चीफ्स’ लिहिलेली जुनी जर्सी दिसते आणि प्रश्न सुरू होतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

जॉन्सटाउन आहे तरी केवढं?

आज अगदी छोटं. २०२० च्या जनगणनेत १८,४११ माणसं. शंभर वर्षांपूर्वी, १९२० साली, हाच आकडा ६७,३२७ होता. पेनसिल्वेनियाच्या पश्चिम भागात, पिट्सबर्गपासून पूर्वेला साधारण शंभर किलोमीटरवर, डोंगरांच्या कुशीतल्या खोल दरीत हे शहर वसलंय. स्टोनीक्रीक आणि लिटल कोनेमॉ या दोन नद्या इथे मिळतात आणि पुढे कोनेमॉ नावाने वाहतात. गावाचं पोट चालायचं पोलादावर. १८५२ मध्ये कॅम्ब्रिया आयर्न कंपनी निघाली, १९२३ मध्ये ते कारखाने बेथलहेम स्टीलकडे गेले आणि १९९२ मध्ये बेथलहेमने इथला कारभार आवरला.

पुढच्या उत्तरांत संघ येतील आणि जातील. नद्या आणि पोलाद मात्र प्रत्येक उत्तरात कुठेतरी असतीलच.

मायनर लीग म्हणजे दुय्यम दर्जाचा खेळ का?

दर्जाने खालचा, हे खरं. पण लुटुपुटूचा नव्हे. बेसबॉलमध्ये मायनर लीगचे संघ बहुधा एखाद्या मोठ्या संघाला बांधलेले असतात. पोरगा आधी छोट्या गावात खेळतो, बसने रात्र-रात्र प्रवास करतो, चमकला तर वर जातो. आइस हॉकीतही साधारण असंच. आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदानावरची हॉकी आठवते. इथे ती बर्फावरची, पायात स्केट्स घालून, चेंडूऐवजी रबराच्या चपट्या चकतीने खेळतात. त्या चकतीला पक म्हणतात.

काही लीग कुणाच्याच बांधील नसतात. त्यांना स्वतंत्र लीग म्हणतात. तिथे मोठ्या संघाचा पैसा नाही. तिकिटं, जाहिरातफलक आणि हॉट डॉग विकून जे येईल त्यावर हंगाम काढायचा.

आयपीएलमुळे फ्रँचायझी हा शब्द आता आपल्या घरोघरी पोचलाय. पुणे वॉरियर्स २०११ ला आले आणि २०१३ ला गेले, ते अनेकांना आठवत असेल. फरक एवढाच की पुण्यात त्यानंतर करायला, बघायला बरंच काही होतं. जॉन्सटाउनमध्ये संघ गेला की हिवाळ्यातली शनिवार संध्याकाळच रिकामी व्हायची.

आजवर किती संघ होऊन गेले? पूर्ण यादी मिळेल का?

यादी मागणारे खूप असतात, पण यादीने इथे गोंधळच वाढतो. एकच नाव पाच वेळा येतं, एकाच संघाची दोन नावं होतात, आणि नावं सारखी असली तरी मालक, लीग, खेळाडू सगळेच वेगळे. मी हा इतिहास दोन वास्तूंच्या आधाराने लक्षात ठेवतो. संगमाच्या टोकावरचं पॉइंट स्टेडियम, १९२६ चं, बेसबॉलचं. आणि नेपोलियन स्ट्रीटवरचं कॅम्ब्रिया काउंटी वॉर मेमोरियल अरीना, १९५० चं, हॉकीचं. युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेली ही इमारत, जवळपास ४,००० प्रेक्षकांची. संघ हे या दोन घरांतले भाडेकरू. कुणी सत्तावीस वर्षं राहिलं, कुणी एका हंगामात बोजाबिस्तरा उचलला.

जॉनीज नावाचा संघ नेमका कधी होता?

कधी नव्हता असं विचारलंत तर उत्तर लवकर संपेल.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्राय-स्टेट लीगमध्ये जॉन्सटाउन जॉनीज होते. १९२५ मध्ये मिडल अटलांटिक लीग सुरू झाली तेव्हा तिच्या पहिल्या संघांत जॉनीज होते, ते १९३८ पर्यंत टिकले. मग एका वेगळ्या लीगमध्ये १९४२ पर्यंत. महायुद्धात खंड पडला. १९४६ ते १९५० पुन्हा मिडल अटलांटिक. १९५५-५६ मध्ये ईस्टर्न लीगमध्ये. आणि मग चाळीसएक वर्षांनी, १९९८ ते २००२, फ्रंटियर लीगमध्ये.

जॉन्सटाउनचे ते जॉनीज, इतकं साधं नाव. कुणी नवा मालक आला आणि त्याला गावाशी पटकन नातं जोडायचं असलं की कपाटातून हे नाव काढायचं, झटकायचं आणि जर्सीवर शिवायचं. वाडवडिलांचं नाव नातवाला ठेवतात तसंच. नातू आजोबांसारखा निघेल याची हमी कोण देणार?

ज्यो क्रोनिन खरंच इथे खेळला होता?

हो. १९२५ मध्ये, अठरा वर्षांचा असताना. क्रोनिन सॅन फ्रान्सिस्कोचा. पिट्सबर्ग पायरेट्सनी त्याला घेतला आणि देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, धुराने काळवंडलेल्या या दरीत धाडला. वर्षभरात तो पायरेट्सकडून मोठ्या लीगमध्ये उतरला. खरं नाव मात्र त्याने वॉशिंग्टनमध्ये काढलं. तिथे १९३३ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, तो खेळाडूही होता आणि व्यवस्थापकही, आणि संघाला त्याने बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगपैकी एकीचं, अमेरिकन लीगचं, विजेतेपद मिळवून दिलं. पुढे बॉस्टन रेड सॉक्स. १९५६ मध्ये हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या यादीत नाव. १९५९ पासून अमेरिकन लीगचा अध्यक्ष.

१९६१ मध्ये रेड सॉक्सचा शाखा-संघ ॲलनटाउन सोडून जॉन्सटाउनला आला, तेव्हा ज्या लीगमध्ये मूळ रेड सॉक्स खेळत होते तिचा अध्यक्ष हाच माणूस होता. त्याने हे मुद्दाम घडवलं असं अजिबात नाही. मला आपली गंमत वाटते.

मग तो रेड सॉक्सचा संघ कुठे गेला?

एक हंगाम खेळला आणि गेला. १९६२ मध्ये तो नव्हता.

हे फक्त जॉन्सटाउनमध्ये घडलं नाही. १९४९ साली अमेरिकेत ५९ मायनर लीग होत्या. साठच्या दशकाच्या सुरुवातीला वीसच्या आसपास उरल्या. टीव्हीवर मोठ्या संघांचे सामने घरबसल्या दिसू लागले, गाड्या आल्या, रस्ते झाले. पिट्सबर्गचे पायरेट्स १९६० मध्ये वर्ल्ड सीरिज, म्हणजे बेसबॉलची सर्वांत मोठी अंतिम मालिका, जिंकले होते. दिवाणखान्यात ते दिसत असताना पॉइंट स्टेडियमच्या लाकडी बाकावर कोण जाऊन बसणार?

स्टेडियम मात्र कधीच ओस पडलं नाही. हौशी खेळाडूंची एएएबीए राष्ट्रीय स्पर्धा चाळीसच्या दशकापासून दर ऑगस्टमध्ये इथे भरते. तेव्हा गावातली कुटुंबं बाहेरच्या संघांतल्या पोरांची आपलेपणाने सोय बघतात. व्यावसायिक संघांच्या इतिहासात ही स्पर्धा बसत नाही. पण बेसबॉल गावात कशामुळे टिकलं असं विचारलंत, तर मी बोट या स्पर्धेकडेच दाखवीन.

आणि हॉकी? पोलादाच्या गावात बर्फाचा खेळ कुठून आला?

१९४१-४२ मध्ये ब्लूबर्ड्स नावाचा संघ एक हंगाम खेळून गेला. खरी सुरुवात १९५० ची. वॉर मेमोरियल अरीना उघडलं आणि त्याच हिवाळ्यात जॉन्सटाउन जेट्स उतरले. तेव्हाचे बहुतेक खेळाडू कॅनडाचे. विरुद्ध बाजूला लाँग आयलंड डक्स, क्लिंटन कॉमेट्स, न्यू हेवन ब्लेड्स असे संघ. प्रवास अर्थातच बसने, बर्फाच्या वादळातून.

जेट्स चांगले होते. १९६०, ६१ आणि ६२ अशी लागोपाठ तीन वर्षं त्यांनी ईस्टर्न हॉकी लीगचं विजेतेपद पटकावलं. डिक रोबर्ज या खेळाडूने जवळजवळ सगळी कारकीर्द इथे काढली आणि त्या लीगमध्ये सर्वांत जास्त गुण त्याच्या नावावर लागले. वरच्या लीगमध्ये त्याचं नाव कधी झळकलं नाही. मायनर लीगमध्ये असे लोक असतात. वर जाण्यासाठी आलेले, पण गावाचेच होऊन राहिलेले. लग्नं करतात, घर घेतात, निवृत्तीनंतर इथल्याच किराणा दुकानात भेटतात. चाहत्यांचा जीव जडतो तो यांच्यावर. एका वर्षात चमकून निघून गेलेल्यांवर नाही.

१९७३ मध्ये ईस्टर्न लीग फुटली, जेट्स नव्या नॉर्थ अमेरिकन हॉकी लीगमध्ये गेले आणि १९७४-७५ मध्ये तिचा विजेतेपदाचा लॉकहार्ट कपही जिंकले.

तो पॉल न्यूमनचा सिनेमा याच संघावर आहे ना?

बराचसा. स्लॅप शॉट, १९७७. पटकथा नॅन्सी डाउडची. तिचा भाऊ नेड डाउड जेट्सकडून खेळत होता, त्याच्याकडून ऐकलेल्या गोष्टींतून ती कथा उभी राहिली. चित्रीकरणही जॉन्सटाउनमध्येच झालं. सिनेमात गावाचं नाव चार्ल्सटाउन आणि संघ चीफ्स.

जाड काळ्या चष्म्यांचे, हाणामारीला कायम तयार असलेले तिघे हॅन्सन बंधू आठवतात? ते जेट्सच्या कार्लसन बंधूंवर बेतलेत. स्टीव्ह आणि जेफ कार्लसन पडद्यावर स्वतः आहेत. तिसरा भाऊ जॅक, त्याला ऐन वेळी एडमंटनच्या संघाकडून बोलावणं आलं, म्हणून त्याच्या जागी डेव्ह हॅन्सन. तोही जेट्सचाच खेळाडू. म्हणजे ज्याचं आडनाव खरोखर हॅन्सन, तो एका कार्लसनची जागा भरतोय.

सिनेमातल्या शिव्या आणि मारामाऱ्याच लोकांच्या लक्षात राहतात. मला लक्षात राहते ती वेगळी गोष्ट. गावातला कारखाना बंद पडणार असतो, हजारो लोक बेकार होणार असतात आणि मालकीण शांतपणे सांगते की संघ विकण्यापेक्षा बंद करून तोटा दाखवणं करासाठी जास्त सोयीचं. सिनेमा फेब्रुवारीत लागला. जुलैत खरा संघ संपला.

म्हणजे कारखान्यामुळे संपला?

नाही, पाण्यामुळे. कारखान्याचा नंबर नंतर लागला.

या गावाला तीन मोठे पूर आठवतात. ३१ मे १८८९ ला वरच्या अंगाचं साउथ फोर्क धरण फुटलं आणि २,२०९ माणसं गेली. मार्च १९३६ मध्ये दुसरा. त्यानंतर लष्कराच्या अभियंत्यांनी नद्यांना काँक्रीटच्या भिंती घातल्या आणि जॉन्सटाउन स्वतःला ‘पूरमुक्त शहर’ म्हणवून घेऊ लागलं. १९ जुलै १९७७ च्या रात्री डोंगरात ढगांनी ठाण मांडलं, आसपासची काही धरणं फुटली आणि पाणी पुन्हा रस्त्यांवर आलं. ऐंशीहून अधिक बळी गेले.

आता अरीनाचं बघा. बर्फाचं मैदान म्हणजे वरून थंड हवा सोडणं नव्हे. काँक्रीटच्या फरशीखाली नळ्यांचं जाळं असतं, त्यातून गोठणबिंदूखालचं मिठाचं पाणी फिरत राहतं आणि वर पाण्याचे पातळ थर एकावर एक मारून बर्फ जमवतात. ते मिठाचं पाणी थंड ठेवणारे कंप्रेसर, पंप, मोटारी म्हणजे हॉकी संघाचं काळीज. खेळाडू जखमी झाला तर दुसरा येतो. गोलकीपर पळाला तर तोही मिळतो. पण यंत्रं गाळात गेली की खेळायला जमीनच नाही. वॉर मेमोरियलची बर्फ करणारी यंत्रणा त्या पुरात निकामी झाली.

दुरुस्तीला पैसा आणि वेळ दोन्ही लागणार होतं, आणि लोकांची घरंच चिखलात असताना आधी बर्फाचं बघा असं कुणी म्हणणारही नव्हतं. त्याच उन्हाळ्यात नॉर्थ अमेरिकन हॉकी लीगही गुंडाळली गेली. सत्तावीस हंगामांनंतर जेट्स संपले.

पुरानंतर बेथलहेमने इथली माणसं मोठ्या प्रमाणावर कमी केली. १९८३ मध्ये जॉन्सटाउनचा बेकारीचा दर देशात सर्वांत जास्त होता. संघ परत यायला इतकी वर्षं का लागली, याचं उत्तर इथे आहे.

त्यानंतर काहीच नव्हतं?

विंग्ज नावाचा संघ १९७८-७९ मध्ये आणि रेड विंग्ज १९७९-८० मध्ये, अशी दोन वर्षं धुगधुगी राहिली. मग आठेक वर्षं व्यावसायिक हॉकी नाही.

चीफ्स हे नाव सिनेमावरून घेतलं की सिनेमाने यांचं घेतलं?

संघाने सिनेमावरून घेतलं. जानेवारी १९८८ मध्ये जॉन्सटाउन चीफ्स सुरू झाले आणि त्यांनी चार्ल्सटाउनच्या काल्पनिक संघाचं नाव लावलं. पुढची काही वर्षं प्रशिक्षक कोण? स्टीव्ह कार्लसन, पडद्यावरच्या हॅन्सन बंधूंपैकी एक. खऱ्या संघावरून सिनेमा, सिनेमावरून पुन्हा खरा संघ, आणि मधला दुवा तोच माणूस.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ईस्ट कोस्ट हॉकी लीग पाच संघांनी सुरू झाली: जॉन्सटाउन, ईरी, नॉक्सव्हिल, कॅरोलायना आणि व्हर्जिनिया. पहिल्याच अंतिम फेरीत चीफ्स सात सामन्यांपर्यंत झुंजून कॅरोलायनाकडून हरले. ते विजेतेपद पुढे कधीच आलं नाही. पण बाकीचे चार संघ एकेक करून बंद पडले किंवा हलले, तरी चीफ्स आपल्या मूळ गावात टिकून राहिले. मला विचाराल तर करंडकापेक्षा हे अवघड होतं.

मग २०१० मध्ये का गेले?

लोक सरळ ‘गर्दी कमी झाली’ म्हणून मोकळे होतात. गर्दी कमी झालीच होती. पण गाव तरी केवढं उरलं होतं? २०१० मध्ये २०,९७८ माणसं. १९५० मध्ये जेट्स आले तेव्हा ६३ हजारांवर. तेवढ्याच खुर्च्या भरायला तिसरा हिस्साच माणसं.

दुसरीकडे लीग फुगत गेली. पाच शेजाऱ्यांनी मांडलेला डाव २००३ नंतर लास वेगस आणि अलास्कापर्यंत पसरला. संघ चालवण्याचा खर्च मोठ्या शहरांच्या हिशोबाने वाढतो, तिकीट मात्र छोट्या गावाच्या खिशाला परवडेल तेवढंच लावता येतं. आणि तासा-दीड तासावर सर्वांत वरच्या लीगमधले पिट्सबर्ग पेंग्विन्स, जे २००९ मध्ये स्टॅनले कप, म्हणजे हॉकीतला सर्वांत मोठा करंडक, जिंकले होते. या गणितात बावीस हंगाम निघाले हेच नवल.

संघ दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलला गेला आणि तिथे रोड वॉरियर्स झाला. त्या गावानेही २००६ मध्ये आपला हॉकी संघ गमावला होता. एकाचं दुःख दुसऱ्याचं बारसं होतं, हा या धंद्याचा नियमच आहे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.

बेसबॉलचा ‘स्टील’ संघ पोलादावरून ना?

उच्चार तोच, अर्थ दुसरा. इंग्रजीत स्पेलिंग पोलादाचं नव्हे, चोरणे या अर्थाच्या शब्दाचं (Steal) होतं. बेसबॉलमध्ये गोलंदाजाची नजर चुकवून पुढचा बेस गाठला की तो चोरला म्हणतात. पोलादाच्या गावात हा श्लेष सगळ्यांना कळायचा.

हा संघ ईरीहून १९९५ मध्ये आला, स्वतंत्र फ्रंटियर लीगमध्ये खेळला आणि आल्या वर्षीच अजिंक्यपद घेऊन मोकळा झाला. १९९८ मध्ये त्याचंच नाव जॉनीज झालं, २००० मध्ये पुन्हा अजिंक्यपद. दोन वर्षांनी गाशा गुंडाळला आणि फ्रँचायझी केंटकीतल्या फ्लोरेन्सला गेली. जिंकल्याने संघ टिकतात असं मानणाऱ्यांनी हा परिच्छेद परत वाचावा.

इनडोअर फुटबॉलचाही संघ होता म्हणे?

होता. फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, आपला पायाने खेळायचा नव्हे. २००० मध्ये जे-डॉग्ज, २००५ पासून थोडा काळ रिव्हरहॉक्स. त्या लीग त्यांच्या संघांहून कच्च्या होत्या. पुढचा प्रश्न.

सध्या गावात काहीच नाही का?

आहे, पण वेगळ्या जातीचं. २०१२ मध्ये अलास्कातून एक ज्युनियर हॉकी संघ आला आणि टॉमाहॉक्स झाला. वीस वर्षांच्या आतबाहेरची पोरं, पगार नाही, कॉलेजच्या संघात जागा मिळवण्यासाठी खेळणारी. पॉइंट स्टेडियमवर २०२१ मध्ये मिल रॅट्स आले. उन्हाळी सुट्टीतल्या कॉलेजच्या मुलांचा संघ. मिल रॅट म्हणजे आयुष्य कारखान्यात काढलेला कामगार. शिवीसारखं वाटतं, पण इथे ते अभिमानाने म्हणतात.

पगारी खेळाडू परवडत नाहीत, तेव्हा बिनपगारी आणायचे. यात काही जणांना कमीपणा वाटतो. मला तो शहाणपणा वाटतो.

२०१५ मध्ये अमेरिकेतली पहिली क्राफ्ट हॉकीव्हिल स्पर्धा झाली, हॉकीवर सर्वांत जास्त जीव टाकणारं गाव शोधायची. मतदानाने जॉन्सटाउन जिंकलं. अरीनाच्या दुरुस्तीला दीड लाख डॉलर मिळाले आणि २९ सप्टेंबरला पिट्सबर्ग पेंग्विन्स आणि टँपा बे लाइटनिंग या जुन्या इमारतीत सराव सामना खेळायला आले. व्यावसायिक संघ जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

गावात गेलो तर काय बघायचं?

सामना असेल तर आधी तो बघा. वॉर मेमोरियलमध्ये हिवाळ्यात, पॉइंटवर उन्हाळ्यात. पॉइंट स्टेडियम २००५-०६ मध्ये नव्याने बांधलंय, पण संगमाची जागा तीच. मैदान त्या टोकात अक्षरशः कोंबलेलं आहे, म्हणून डावीकडची बाजू आखूड आणि त्यावर भलीमोठी जाळी.

मग मेन आणि मार्केट या रस्त्यांच्या कोपऱ्यावर या. तिथे एका कुत्र्याचा पुतळा आहे, मॉर्लीज डॉग. १८८९ च्या पुरात कुणाच्या तरी अंगणातून वाहून गेलेली ही ओतीव लोखंडाची शोभेची मूर्ती. स्लॅप शॉटमध्ये हाच कुत्रा गावाला पुरातून वाचवणारा म्हणून दाखवलाय. लोक आता ती थाप खरी मानून त्याच्यासोबत फोटो काढतात, आणि गाववाले त्यांना दुरुस्त करत बसत नाहीत.

तिथेच सिटी हॉलच्या भिंतीवर तीन पुरांच्या पाण्याच्या खुणा आहेत. १८८९ ची २१ फुटांवर, १९३६ ची १७ फुटांवर. सगळ्यात खालची १९७७ ची, साडेआठ फुटांवर. टाचा उंचावून हात वर केलात तरी तुमची बोटं तिच्या थोडी खालीच राहतील.